ऑनलाइन बांधकाम परवानगी: आठ महिने वापरून झाल्यावर

ज्यांनी आयुष्यात एकदा तरी नकाशा मंजुरीला टाकलाय त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांसाठी एका ओळीत सांगतो, सामासिक अंतर म्हणजे घर आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा, जोता म्हणजे जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतचं बांधकाम आणि भोगवटा म्हणजे बांधून झाल्यावर राहायला जाण्याचा दाखला. पालिकेची ऑनलाइन यंत्रणा, लॉगिन आर्किटेक्टचं, मालकाला फक्त स्टेटस बघायची मुभा, ड्रॉइंग अपलोड केलं की सॉफ्टवेअर ते आपोआप तपासणार आणि मग माणसाच्या टेबलावर जाणार, असा एकूण प्रकार. ऐकायला मस्त आहे. मी पण खूश झालो होतो, म्हटलं चला, हेलपाटे वाचले.

हेलपाटे वाचले हे खरंच आहे. आठ महिन्यांत ऑफिसात तीनदा गेलो, बाबांनी जुनं घर बांधलं तेव्हा ते तीनदा एका आठवड्यात जायचे. पण माझं जे डोकं फिरलं ते एका रेषेमुळे.

प्लॉट साधा आहे, समोर 12 मीटर, खोली 18, कागदावर 216 चौरस मीटर. धाकटा भाऊ आणि मी मिळून बांधतोय. पहिल्यांदा ड्रॉइंग टाकलं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, त्यात एकच ओळ, 'प्लॉट बाउंड्री पॉलीलाइन क्लोज्ड नाही', म्हणजे प्लॉटची हद्द दाखवणारी सलग रेषा कुठेतरी उघडी आहे. बास. कुठे उघडी आहे, कुठल्या कोपऱ्यात, काही नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या ड्राफ्ट्समन पोराने फाईल उघडून दाखवली, चारही कोपरे जुळलेले, झूम करून करून बघितलं, मुंगी शिरेल एवढी फट नाही. त्याने 'परत टाकून बघतो' म्हटलं, टाकलं, परत तोच रिपोर्ट. असं चार वेळा. आणि प्रत्येक वेळी रांगेत शेवटी.

हेल्पडेस्कला तिकीट टाकलं. उत्तर आलं की ड्रॉइंग दुरुस्त करून पुन्हा अपलोड करावे. म्हणजे माझी रेषा क्लोज होईना आणि तिकीट मात्र दोन तासांत क्लोज! दुसरं टाकलं, तेही तसंच क्लोज, शब्दन् शब्द तेच उत्तर.

आता माझा स्वभाव असा की ड्राफ्ट्समनला प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे पैसे द्यायचे हे मला पटत नव्हतं, चूक शोधता येत नाहीये तर पैसे कसले. म्हणून लिब्रेकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, फुकट आहे. ड्राफ्ट्समनकडून डीएक्सएफ, म्हणजे त्यात उघडणारी नकाशाची फाईल, मागून घेतली आणि रात्री जेवणं झाली की मी आणि ती रेषा. बायको म्हणायची, घर बांधायचंय की रेषा? तिसऱ्या रात्री सापडलं. रेषा सिलेक्ट करून प्रॉपर्टीज उघडल्या की क्लोज्ड नावाचं एक खानं असतं, तिथे टिक नव्हती. पोराने चौथा कोपरा काढून झाल्यावर 'क्लोज' कमांड न देता परत पहिल्या बिंदूवर नेऊन क्लिक केलं होतं. डोळ्याला रेषा बंद, सॉफ्टवेअरच्या लेखी उघडी. आणि गंमत म्हणजे कॅडमध्ये अशा उघड्या रेषेचंही क्षेत्रफळ दिसतं, शेवटचा बिंदू पहिल्याला जोडलाय असं धरून ते काढतं, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही. क्षेत्रफळ 215.87 दाखवत होतं, कागदावर 216, म्हटलं राउंडिंग असेल. (हा आकडा लक्षात ठेवा.)

टिक मारली तर दुसरंच लफडं, पहिला आणि शेवटचा बिंदू एकाच जागी असल्याने आता एक शून्य लांबीचा तुकडा तयार झाला, सॉफ्टवेअरला तोही चालत नाही, मग जादा बिंदू उडवला. मग डीएक्सएफची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाईल) करायला फुकटचा कन्व्हर्टर वापरला तर सगळ्या मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. मालकाच्या नावाच्या जागी सात प्रश्नचिन्हं, जे त्या क्षणी बरोबरच होतं म्हणा. शेवटी पोरालाच फोन करून सांगितलं, बाबा रे, ते अमुक खानं येस कर आणि डबल बिंदू काढ. दोन मिनिटांचं काम. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत, तेवढं बरं.

नकाशे काढायचं ऑटोकॅड 1982 पासून बाजारात आहे. इतक्या वर्षांत रेषा उघडी कुठे आहे तिथे लाल गोल काढून देणं जमू नये? रिपोर्टमध्ये नुसते त्या बिंदूचे एक्स आणि वाय छापले असते तरी माझे अडीच महिने वाचले असते. पाचपैकी एक स्टार, तोही हेलपाटे वाचल्याचा.

हे वरचं बहुतेक सगळं मी तिसऱ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि तेव्हाच टाकणार होतो. भाऊ म्हणाला, परवाना हातात येऊ दे, मग शिव्या घाल. ऐकलं ते बरं झालं, कारण पुढे जे झालं त्यानंतर एक स्टार देणं जमत नाही.

रेषा बंद झाल्यावर तिसऱ्याच दिवशी नवा रिपोर्ट, 'डाव्या बाजूचे सामासिक अंतर अपुरे, आवश्यक 1.50, उपलब्ध 1.42'. मी उडालोच. नकाशात डाव्या बाजूला मागच्या कोपऱ्यापाशी स्पष्ट 1.80 लिहिलंय! उजवीकडेही 1.80. घर 8.40 रुंद, दोन्हीकडे 1.80, झाले 12. पहिलीतल्या पोराचं गणित. मी तर थेट तक्रार अर्जाचा मसुदा करायला घेतला होता, 'सदर सॉफ्टवेअर सदोष असून' वगैरे.

आर्किटेक्ट अनुभवी बाई आहेत, त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, प्लॉटचे कर्ण मोजलेत का कधी? नाही मोजले. चार बाजू मोजल्या होत्या, चारही बरोबर आल्या होत्या, अजून काय मोजायचं. त्या म्हणाल्या, टेप घेऊन जा आणि दोन्ही कर्ण मोजून या. रविवारी मी आणि भाऊ गेलो, गवत गुडघाभर, एक टोक तो धरून, एक मी. पहिला कर्ण 21.98. दुसरा 21.28. काटकोनी असता तर दोन्ही 21.63 यायला हवे होते.

म्हणजे आमचा प्लॉट आयत नाहीच. चारही बाजू मापात पण सगळा प्लॉट एका अंगाला कललेला, कोपऱ्याचा कोन 90 ऐवजी 88. पत्त्यांचा कॅट थोडा तिरका सरकवावा तसा. क्षेत्रफळात त्याने फारसा फरक पडत नाही, 216 चं 215.87 होतं, हेच ते राउंडिंग! पण 18 मीटर मागे जाईपर्यंत कुंपण बाजूला सरकतं 63 सेंटिमीटर. आमचं घर 11 मीटर खोल आणि सरळ, कुंपण तिरकं, त्यामुळे घराच्या पुढच्या कोपऱ्याशी 1.80 अंतर आणि मागच्या कोपऱ्याशी 1.42. रिपोर्टमधला आकडा अगदी बरोबर.

मग नकाशात 1.80 कुठून आलं? पोराने सर्व्हेवाल्याकडून आलेली बाउंड्री जशीच्या तशी वापरली होती, ती बरोबर होती, तिरकी होती. मोजमाप टाकताना कॅडने मागच्या कोपऱ्याला 1.42 दाखवलं असणार, त्याला वाटलं काहीतरी चुकलंय, पुढे 1.80 आहे तर मागेही 1.80 च असणार, म्हणून त्याने आकडा हाताने टाइप केला. रेषा खरी, आकडा खोटा. आणि तो नकाशा मी बघितला, भावाने बघितला, स्ट्रक्चरवाल्याने बघितला, सगळ्यांनी आकडा वाचला. 1:100 च्या कागदावर 38 सेंटिमीटर म्हणजे 3.8 मिलिमीटर, आकडा लिहिलेला असताना पट्टी कोण लावणार? सॉफ्टवेअर आकडे वाचतच नाही, ते एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत मोजतं. आणि ते मोजायला त्याला बाउंड्री बंद लागते, नाहीतर आत काय आणि बाहेर काय हेच त्याला कळत नाही. ज्या अटीला मी अडीच महिने शिव्या घातल्या तिच्यामुळे हे सापडलं. राग गेला असं नाही, एरर मेसेज फालतू आहे तो आहेच, पण शिव्यांचा पत्ता थोडा बदलला.

उपाय काय केला तर घर नकाशावर 10 सेंटिमीटर उजवीकडे सरकवलं. डावीकडे पुढे 1.90 मागे 1.52, उजवीकडे पुढे 1.70 मागे 2.08, सगळं दीडच्या वर. कागदावर फुकट. हेच भिंत उभी राहिल्यावर भोगवट्याच्या वेळी निघालं असतं तर काय केलं असतं याचा विचार मी करत नाही.

दीड मीटर, दीड मीटर काय लावलंय असं मलाही वाटायचं, म्हणून त्या रात्रजागरणात जरा वाचलं. लंडनला 1666 साली आग लागून शहर गेलं, त्यानंतर 1667 च्या कायद्याने घरांचे चार प्रकार ठरवले, कुठल्याला किती मजले, भिंत किती जाड, बाहेरून वीट किंवा दगडच, आणि ते तपासायला सर्व्हेअर नेमले. न्यूयॉर्कने 1916 मध्ये ठराविक उंचीनंतर इमारत मागे सारायला लावली, कारण उंच इमारती प्लॉट भरून सरळ वर जायला लागल्या आणि खालच्या रस्त्यावर उजेड पोचेना. माझ्या डाव्या अंगाला जे शेजारी राहतात त्यांची खिडकी नेमकी त्या मागच्या कोपऱ्यासमोर आहे. हे मला टेप धरून उभं राहिल्यावर दिसलं.

बाकी प्रक्रियेबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअरमधून पास झाल्यावर फाईल माणसाकडे जाते आणि तिथे स्टेटस 'प्रलंबित' एवढंच दिसतं. कुणाकडे प्रलंबित, कशासाठी, ते नाही. एकदा पाच आठवडे प्रलंबित होतं आणि कारण निघालं की ड्रेनेजच्या ना हरकतीची पीडीएफ उघडत नव्हती, हे सांगायला कुणी एसएमएस केला नाही, ओटीपी मात्र रात्री अकराला पण येतो. 'एकाच अर्जात सगळं का नाही' ही तक्रार मी आता करत नाही, इंग्लंडमध्येही प्लॅनिंग परमिशन वेगळी आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सची मान्यता वेगळी, एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नाही. परवाना आला की त्यावरची मुदत आधी वाचा, जिथे बांधताय तिथला नियम बघा. अमेरिकेतली बरीच शहरं जो इंटरनॅशनल बिल्डिंग कोड वापरतात त्यात 180 दिवसांत काम सुरू झालं नाही तर परवाना बाद होतो. आमच्या ओळखीतल्या एकाने मुदत जाऊ दिली आणि छाननी शुल्क पुन्हा भरलं, ते ऐकूनच मला घाम फुटला.

आणि फाईल पाठवायच्या आधी स्वतः बसून एवढं करा, बाउंड्री सिलेक्ट करून ते खानं बघा, आणि ड्राफ्ट्समनला विचारा की एकही माप हाताने टाइप केलंय का. तो आधी नाही म्हणेल. पुन्हा विचारा. कर्ण तर प्लॉट घेतानाच मोजा, टेप आणि एक भाऊ पुरतो.

परवाना सातव्या महिन्यात आला. डिजिटल सहीचा, प्रिंट काढली तर सहीच्या जागी हिरवी टिक. तीन स्टार. चौथा मी अडवून ठेवलाय.

कारण आता जोता झालाय. तपासणीला इंजिनिअर आले, तरुण होते, ओळंबा लावून मागच्या डाव्या कोपऱ्याशी टेप धरली, मी श्वास रोखून, 1.52 आलं, ते 'ठीक आहे' म्हणून फोटो काढून गेले. त्याला आज अकरा दिवस झाले. पोर्टलवर अजून 'जोता तपासणी प्रलंबित'. ते हिरवं झाल्याशिवाय भिंत चढवायची नाही असं पत्रात लिहिलंय, गवंडी दुसऱ्या साइटवर जायच्या गोष्टी करतोय, आणि माझी तिकिटं दोन्ही क्लोज आहेत. काही हललं तर इथेच खाली टाकीन.