पेपरची दखल कशात बघायची: गूगल स्कॉलर, ऑल्टमेट्रिक की प्लमएक्स?

मागच्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत प्राणिशास्त्राच्या एक तरुण मॅडम लायब्ररीत आल्या. ठाणे खाडीतल्या गाळावरचा त्यांचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, आठ महिन्यांपूर्वी छापून आलाय. प्रकल्पाच्या अर्जात ‘पेपरचा प्रभाव’ दाखवायचा होता आणि गूगल स्कॉलरवर सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत दिलेला संदर्भ, शून्य. चेहरा पार उतरलेला. त्यांना शेजारी बसवलं आणि तोच पेपर तीन ठिकाणी उघडला. तुम्हीही अशाच पेचात असाल तर हे तुमच्यासाठी.

गूगल स्कॉलरचं आधी उरकते. फुकट आहे, सगळ्यांना कळतं, एच-इंडेक्सही (पेपर आणि सायटेशन मिळून संशोधकाचा एक आकडा) आयता मिळतो. पण कुणीतरी तुमचा पेपर वाचणार, मग स्वतःचा लिहिणार, तो छापून येणार, तेव्हा कुठे एक सायटेशन. नव्या पेपरचं शून्य मनाला लावून घेऊ नका.

ऑल्टमेट्रिक २०११ साली लंडनमध्ये सुरू झालं. डीओआयच्या (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) आधारे ते बातम्या, ब्लॉग, धोरणांचे दस्तऐवज, विकिपीडिया, एक्स (पूर्वीचं ट्विटर) इथले उल्लेख गोळा करतं आणि रंगीत कड्याच्या मधोमध एक आकडा दाखवतं. मॅडमचा आकडा होता ९. त्या हरखल्या. मी कड्यावर क्लिक केलं: एक इंग्रजी बातमी, एक्सवरच्या चार पोस्ट. बातमीला साधारण ८ गुण, पोस्टला पाव. संपलं. शिवाय पेपरवर टीकेची झोड उठली तरी हा आकडा वाढतोच, कारण तो लक्ष मोजतो, दर्जा नाही. त्याचं खरं मोल आकड्यामागच्या यादीत आहे. एखाद्या सरकारी अहवालात तुमचा पेपर आला तर ते सांगायला कुणी येत नाही; इथे ते सापडू शकतं. ब्राउझरमधलं फुकट बटण त्यासाठी पुरतं. एका कॉलेजने ऑल्टमेट्रिकचं वर्गणीचं साधन, एक्सप्लोरर, घ्यावं असं मला वाटत नाही.

प्लमएक्स एकच आकडा देतच नाही, आणि म्हणून मला ते जास्त पटतं. सायटेशन, वापर, कॅप्चर (पेपर जपून ठेवणं), उल्लेख, सोशल मीडिया असे पाच कप्पे. २०१७पासून ते एल्सव्हिअर या प्रकाशकाकडे आहे, त्यामुळे त्यांच्याच स्कोपस या डेटाबेसमध्ये पेपरच्या पानावरच दिसतं. मॅडमचा पेपर मेंडेलीत (संदर्भ साठवायचं ॲप) २३ जणांनी जपून ठेवला होता. असं जपून ठेवणारा बहुधा त्याच विषयात काम करत असतो. ऑल्टमेट्रिकही मेंडेलीचे वाचक दाखवतं, पण गुणांत धरत नाही.

आता मला सलणारी गोष्ट. याच कामावर एका मराठी दैनिकाच्या ठाणे पुरवणीत अर्धं पान आलं होतं. ते वाचून कोळीवाड्यातून दोघांनी मॅडमना फोन केला, खाडीत मासळी का घटली हे विचारायला. या अर्ध्या पानाची नोंद तिन्हीकडे नाही. बातमीत ना लिंक, ना डीओआय, ना नियतकालिकाचं नाव. खाडीवर ज्यांचं पोट आहे त्यांच्यापर्यंत संशोधन पोचलं, आणि हिशेबात ते शून्य!

पदोन्नतीची फाइल असेल तर सायटेशनच द्या. २०१८च्या यूजीसी नियमावलीत एक्सवरच्या पोस्टला गुण नाहीत. प्रकल्पाच्या अर्जाला प्लमएक्सचे कॅप्चर आणि ऑल्टमेट्रिकची यादी लावा, नुसता ९ लिहू नका. मॅडमच्या अर्जाला आम्ही ते कात्रणही तारखेसह स्कॅन करून जोडलं. आणि पुढच्या वेळी बातमीदाराशी बोलताना डीओआयची चिठ्ठी हातात द्यायची, हे त्यांनी तिथेच डायरीत लिहून घेतलं.