मेकाँगची पूर-अंदाज सेवा : उपयोगी, पण उगमाकडे अपुरी

कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम या चार देशांनी ५ एप्रिल १९९५ रोजी केलेल्या करारातून मेकाँग नदी आयोग उभा राहिला. विकसनशील देशांच्या पर्यावरणीय सहकार्याचा हिशेब बहुधा परिषदा आणि ठरावांतच मांडला जातो. या आयोगाची पूर-अंदाज सेवा मात्र नदीकाठच्या माणसाला थेट वापरता येते, आणि म्हणूनच ती मला आयोगाचे सर्वांत भरीव काम वाटते.

जून ते ऑक्टोबर या काळात मुख्य प्रवाहावरील २२ केंद्रांसाठी पुढील पाच दिवसांचा अंदाज रोज प्रसिद्ध होतो. एखाद्या केंद्राचा आलेख उघडला की यंदाच्या पाण्याची रेषा दीर्घकालीन सरासरीशी ताडून पाहता येते. इशारा पातळी आणि पूर पातळी वेगळ्या दाखवलेल्या असल्याने धोका किती दूर आहे हे सामान्य वाचकालाही उमगते. नवख्याने एक पथ्य मात्र पाळावे. प्रत्येक केंद्राच्या मोजपट्टीचा शून्य वेगळ्या उंचीवर असतो, त्यामुळे क्रातिए येथील मीटर आणि विएंतियान येथील मीटर यांची थेट तुलना करणे व्यर्थ आहे. व्हिएतनामच्या त्रिभुज प्रदेशातील तान चाऊ आणि चाऊ दॉक येथे भरती-ओहोटीचाही परिणाम दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

सेवेची खरी उणीव वरच्या टोकाला आहे. थायलंडमधील चियांग सेनच्या वर नदी चीनच्या धरणांमधून येते, आणि चीन आयोगाचा सदस्य नसून केवळ संवाद-भागीदार आहे. २००२ च्या करारानुसार चीन दोन केंद्रांची आकडेवारी फक्त पूरकाळात देत असे. ती वर्षभर देण्याचे २०२० मध्ये ठरले. ही प्रगती मोठी आहे, तरी मिळते ते आलेल्या पाण्याचे मोजमाप. धरणातून उद्या किती विसर्ग होणार, हे त्यातून कळत नाही. अंदाजकर्त्यांना याचा दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण शेजाऱ्याने जेवढे सांगितले तेवढ्यावरच त्यांचे गणित चालते.

कोरड्या ऋतूत मात्र आयोगानेच हात आखडता घेतला आहे. नोव्हेंबर ते मे या काळात आढावा आठवड्यातून एकदाच येतो. नैसर्गिक प्रवाह क्षीण असतो तेव्हाच धरणांच्या विसर्गातील चढउतार मासेमारीला आणि काठावरच्या भाजीपाल्याला सर्वाधिक जाणवतात; तो आढावाही रोजचा व्हायला हवा.