पॅनोरमाच्या रिकाम्या कडा आणि कंटेंट-अवेअर फिल: काही महिने वापरून झाल्यावर

ट्रायपॉडशिवाय काढलेले फोटो जोडले की तयार होणारा पॅनोरमा कधीच सरळ चौकोनी निघत नाही. जोडताना प्रत्येक फ्रेम प्रोजेक्शननुसार (म्हणजे रुंद दृश्य सपाट चित्रावर उतरवण्याच्या पद्धतीनुसार) वाकवली जाते, शिवाय हात थोडा वर-खाली झालेला असतोच. मग कडा नागमोडी होतात आणि कोपऱ्यांत पारदर्शक जागा उरते. सरळ क्रॉप करावं तर वरचं आकाश जातं, नाहीतर खालचे खडक. ही जागा भरायला मी काही महिने फोटोशॉपचं कंटेंट-अवेअर फिल वापरतेय. कोपऱ्यांसाठी मला ते आवडलं. पण फिलकडे वळण्याआधी रिकामी जागा होईल तितकी कमी करून घ्यावी.

हे फिल २०१० मध्ये फोटोशॉपच्या सीएस५ आवृत्तीबरोबर आलं. त्यामागचं तंत्र पॅचमॅच नावाचं, २००९ मधल्या संशोधनातलं. रिकाम्या जागेत बसतील असे छोटे तुकडे ते त्याच फोटोत शोधतं. सुरुवात अंदाजाने कुठेही होते. एखादा तुकडा छान जुळला की त्याच्या शेजारचे तुकडे शेजारच्या जागेसाठी तपासले जातात. म्हणजे जे फोटोत आहे त्याचीच ही फेरमांडणी. गवत, ढग, वाळू, पाण्याच्या लाटा यांत ते कमाल करतं. खिडक्यांची रांग किंवा कुंपण मात्र भलतीकडेच वळतं, कारण रेषा पुढे कुठे जायला हवी हे त्याला कळत नाही.

फोटोशॉपमध्ये फोटो जोडणाऱ्या फोटोमर्जच्याच खिडकीत पारदर्शक भाग आपोआप भरण्याचा चेकबॉक्स आहे. मी तो बंद ठेवते, कारण नमुना, म्हणजे भरायचे तुकडे, फोटोच्या कुठल्या भागातून घ्यायचा हे तिथे सांगता येत नाही. आणि सगळा खेळ तर त्या नमुन्यावरच आहे! २०१८ मध्ये आलेल्या कंटेंट-अवेअर फिलच्या स्वतंत्र वर्कस्पेसमध्ये नमुन्याचा भाग हिरवा दिसतो आणि ब्रशने तो पुसता येतो. आकाशाचा कोपरा भरायचा असेल तर मी झाडांचे शेंडे, छपरं, पक्षी, सूर्याभोवतीची उजळ जागा सगळं पुसून टाकते. नाही पुसलं तर एखादा शेंडा ढगांत तरंगताना सापडतो. त्याच वर्कस्पेसमधलं कलर अडॅप्टेशन, म्हणजे रंग जुळवून घेण्याचं सेटिंग, आकाशासाठी वाढवून बघा. निळ्याच्या बदलत्या छटा त्याने बऱ्याच सांभाळल्या जातात. आउटपुट नेहमी नव्या लेयरवर घ्या, नंतर मास्क लावून (नको तो भाग झाकून) हवं तेवढंच ठेवता येतं.

सिलेक्शनची एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पॅनोरमाच्या अगदी कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक असतात. आधी लेयर एकत्र करायचे, लेयरच्या थंबनेलवर कंट्रोल दाबून क्लिक करायचं, सिलेक्शन उलटं करायचं म्हणजे रिकामी जागा निवडली जाते, आणि ते काही पिक्सेल आत सरकेल असं एक्स्पांड करायचं. हे टाळलं की भरलेला भाग आणि मूळ फोटो यांच्यामध्ये केसासारखी रेघ राहते, स्क्रीनवर न दिसणारी पण मोठ्या प्रिंटवर डोळ्यांत खुपणारी. सगळ्या कडा एकदम भरू नका. एकेक कोपरा घेतला तर मेमरीवर ताण कमी पडतो आणि एकच ढग दोन ठिकाणी दिसण्याची शक्यताही कमी होते. तरी शेवटी शंभर टक्के झूमवर फिरून बघावंच लागतं.

आता फिलच्या आधीचं काम. सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमध्ये उभ्या रेषा सरळ राहतात, पण क्षितिजाच्या वर-खाली असलेल्या आडव्या रेषा वाकतात. पर्स्पेक्टिव्हमध्ये रेषा सरळ राहतात आणि कोपरे मात्र ताणले जातात. दोन्ही करून बघून कमी रिकामं निघेल ते ठेवावं. अडोबीच्याच लाइटरूममध्ये जोडत असाल तर बाउंडरी वॉर्पचा स्लायडर आहे. तो फोटो ताणून चौकट भरतो, नवीन काहीच घडवत नाही. डोंगर-समुद्राला पूर्ण शंभरवर नेलं तरी कुणाला कळत नाही; क्षितिज तेवढं तपासा. इमारती असतील तर थोडंच, उरलेलं फिलने. लेन्सचं व्हिनेटिंग, म्हणजे फ्रेमच्या कडांचा काळसरपणाही जोडण्याआधीच काढा. नाहीतर आकाशात गडद-उजळ पट्टे येतात आणि फिल ते इमानदारीने पुढे वाढवतं.

फुकटात हवं असेल तर ह्युजिन या पॅनोरमा जोडणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये जोडून गिंप या मोफत फोटो-एडिटरच्या रिसिंथेसायझर प्लगिनचं हील सिलेक्शन वापरा. नमुन्यावर एवढा बारीक ताबा मिळत नाही, पण गवत-आकाशाला पुरतं.

फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलबद्दल, म्हणजे एआयने नवीन चित्र घडवून जागा भरणाऱ्या फिलबद्दल, माझं मत अजून डळमळीत आहे. ते इमारतीचं अर्धवट टोक पटेल असं पूर्ण करतं, जे साध्या फिलला जमत नाही. पण ते टोक खरं नसतं. पुन्हा चालवलं की वेगळं टोक येतं! भिंतीवर लावायच्या समुद्राच्या फोटोत मला त्याचं काही वाटत नाही. एखाद्या वास्तूची नोंद म्हणून काढलेल्या पॅनोरमात मात्र मी रिकामा कोपरा क्रॉप करते, आणि पुढच्या वेळी कॅमेरा उभा धरून वर-खाली जास्त जागा सोडते.