गच्चीवरचा अँटेना की मळ्यातलं रिमोट स्टेशन?

कोल्हापूरच्या राजारामपुरी-शाहूपुरीतल्या हॅमला, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्याला, सेट मिळतो, शांत बँड (लहरींचा पट्टा) मिळत नाही. आसपासचे एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर 40 मीटरच्या बँडवर एस-7 पर्यंत (सेटवरच्या सिग्नल मीटरचा आकडा) खरखर उभी करत असतील, तर एस-5 ने येणारं स्टेशन तिच्यात बुडून जातं. तुमचे वॅट वाढवून उपयोग नाही. तुम्ही त्याला ऐकू जाल, तो तुम्हाला नाही. म्हणून गावाकडं मळा असला की सेट तिथं ठेवून घरून इंटरनेटवर चालवावा, असं वाटू लागतं.

त्याआधी गच्ची नीट करून बघा. 7.1 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे 40 मीटर बँडच्या, डायपोलला (मधोमध केबल जोडलेली सरळ तार) 143 भागिले 7.1, म्हणजे साधारण 20 मीटर तार लागते. जागा कमी असेल तर इन्व्हर्टेड व्ही करा (मध्य उंच, टोकं खाली) आणि तार थोडी लांब ठेवून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघत छाटा. फीडपॉइंटला, म्हणजे केबल तारेला जोडते तिथं, चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं) हवाच, नाहीतर कोॲक्स केबलची बाहेरची जाळी घरातली खरखर अँटेनापर्यंत नेते. मग घराचा मेन स्विच बंद करून सेट बॅटरीवर ऐका. खरखर उतरली तर दोष घरातच आहे, आणि मळ्याचा खर्च वाचला.

मळ्याचं गणित वेगळं. शेतीपंपाची लाईन ठरावीक तासच असते. 100 वॅटचा सेट नुसता ऐकायला सुमारे 1 अँपिअर घेतो, राउटर आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक धरून दीड. म्हणजे दिवसाला 36 अँपिअर-तास. पूर्ण पॉवरला 20 अँपिअर. 100 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि सोलर बसवावं लागतं. इथंच चूक होते: स्वस्त सोलर चार्जर स्वतःच एचएफवर (40 मीटर ज्यात येतो त्या लहरींवर) खरखर करतो, आणि शहरातला त्रास मळ्यात येऊन बसतो. सौर पंपाचा कंट्रोलर जवळ असेल तरी तेच.

मळ्यातल्या इंटरनेटच्या सिमवर सहसा सार्वजनिक आयपी (बाहेरून गाठता येणारा पत्ता) नसतो, त्यामुळं पोर्ट उघडून काही होत नाही. टेलस्केलसारखं व्हीपीएन (दोन टोकांमधली खाजगी जोडणी) लावा. आवाजाला 64 किलोबिट पुरतात, पण डेटाची पाकिटं उशिरा-लवकर आली की शब्द तुटतात. मोर्सची की घरून दाबू नका, मजकूर पाठवून मळ्यातल्या कीअरला (मजकुराचं मोर्स करणारं यंत्र) वाजवू द्या. एफटी-8 (संगणकानं छोटे संदेश पाठवायची पद्धत) चं सॉफ्टवेअरही तिथल्याच संगणकावर ठेवा.

लिंक तुटली आणि पीटीटी (बोलायचं बटण) दाबलेलंच अडकलं तर फायनल, म्हणजे सेटचे पॉवर ट्रान्झिस्टर, जळू शकतात. सेटचा टाइम-आउट टायमर 3 मिनिटांवर ठेवा. शिवाय पूर्ण वीज तोडायला इंटरनेटवर न चालणारा वेगळा मार्ग हवा. शेतीपंपाच्या मोबाईल स्टार्टरसारखं, फोन केला की चालणारं जीएसएम रिले पुरतं. वळवाच्या पावसात वीज पडायच्या भीतीनं घरी आपण अँटेनाची केबल उपटतो. मळ्यात सेटचा पुरवठा बंद असताना अँटेना आपोआप अर्थला जोडणारं रिले बसवावं लागतं.

आपत्तीत उपयोगी पडायचं असेल तर गच्चीच. 2019 च्या पुरात कोल्हापूरजवळच्या शिरोलीत महामार्गच बंद होता. अशा वेळी इंटरनेट चालू राहील असं धरून चालता येत नाही. बॅटरीवरचा 2 मीटर बँडचा हँडसेट तेव्हा कामाचा.

डीएक्ससीसीसाठी (शंभर देशांशी बोलल्याचा पुरस्कार) रिमोट चालतं, कारण ट्रान्समीटर जिथं आहे ती जागा धरतात. पण परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो. सेट हलवण्याआधी तो बदलून घ्या, आणि दुरून चालवण्याबद्दल परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी उत्तर मिळवा.

परवाना नवा असेल तर आमचं मत गच्चीच्या बाजूनं. मळा तेव्हाच, जेव्हा मेन स्विच बंद करूनही एस-7 हलत नाही आणि तिथं फोनवर सांगितल्यावर वायर काढून ठेवेल असं घरचं माणूस राहतं.