लेक झोपल्यावर: कुजबूज की दबका आवाज?

लेक झोपली की आमच्या वन रूम किचनमध्ये बोलायचे दोनच मार्ग उरतात: कुजबुजायचं, नाहीतर नेहमीचाच आवाज खाली आणायचा. वर्षभर आम्ही कुजबुजलो. आता सोडलंय.

कुजबुजीचे गुण आहेत. भिंतीपलीकडे ती फारशी जात नाही आणि बोलतंय कोण हेही चटकन कळत नाही. स्वरतंतू थरथरतच नाहीत, नुसती हवा घासत बाहेर पडते. मग आवाजाला ना उंची, ना ओळख. चहाड्यांसाठी यासारखं दुसरं काही नाही.

पण ती थरथर गेली की तिच्या जिवावर उभी असलेली अक्षरंही डळमळतात. शाळेत कठोर आणि मृदू व्यंजनं घोकली होती ना? क आणि ग तोंडात एकाच जागी उमटतात. फरक मुख्यतः गळ्यातल्या थरथरीचा. कुजबुजीत नेमकी तीच गायब. प-ब, त-द, ट-ड यांचीही तीच गत.

गेल्या पावसाळ्यात रात्री लाइट गेले आणि लेक किरकिरत उठली. बायको कुजबुजली, "गाडी दे." मी ऐकलं "काडी दे". लाइट गेल्यावर माणूस काडीच मागणार! अंधारात चाचपडत ओट्यापाशी गेलो, काडेपेटी शोधताना डाळीचा स्टीलचा डबा पाडला. पुढचा दीड तास आम्ही तिघंही जागे. हवी होती ती उशाखालची चिमुकली गाडी. ती मुठीत असल्याशिवाय आमची लेक झोपत नाही.

आता, ग म्हणताना हवा जरा कमी जोरात सुटते, त्यामुळे तयार कानाला फरक कळतोही. दिवसा, संदर्भ असताना, आम्हालाही कळायचा. रात्री दोनला माझे कान तेवढे तयार नसतात.

दुसरा त्रास रोजचा. "झोपली?" आणि "झोपली." यांत फरक फक्त सुराचा, आणि कुजबुजीत सूरच नाही. मी विचारायचो, बायकोला वाटायचं मी सांगतोय. शिवाय स आणि श मुळातच हवेचे. बाकीचं बोलणं मऊ झालं की तेच तेवढे टोचतात. आमची लेक "शू" ऐकून जास्त दचकते असा आपला माझा अंदाज.

दबक्या आवाजाचं दुखणं वेगळं. माझा आवाज जड, तो घुमतो; सुरुवातीला दोनदा ती त्यानेच उठली. आणि बोलण्याच्या भरात आवाज कधी वर चढतो ते कळत नाही. पण घसा कोरडा पडत नाही, दमही पुरतो. कुजबुजताना हवा भराभर संपते, दिवसभराची हकीकत अर्ध्यावरच राहायची.

तुमच्याकडे झोप फारच सावध असेल तर आधी कुजबुजून बघा, माझी हरकत नाही. फक्त प्रश्नाला "का" लावा, आणि खेळण्यातल्या गाडीला मोटार म्हणा.