दहा डॉलरचा परवाना की फुकटची नोंदणी? समुद्रावरच्या हौशी मासेमारीसाठी दोन वाटांची तुलना

२०१० च्या जुलैमध्ये लाँग आयलंडच्या कॅपट्री धक्क्यावर माझ्या गळाला फ्लूक लागला. आपल्याकडचा लेप डोळ्यांसमोर आणा. तसाच चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, फक्त अंगाने दांडगा. पट्टीवर ठेवला, शेपटीची टोकं जुळवली, तोंड मिटून पुन्हा मोजला. साडेवीस इंच. त्या वर्षी न्यूयॉर्कचा नियम होता किमान २१ इंच आणि माणशी दिवसाला दोन मासे. अर्ध्या इंचासाठी सोडून दिला. त्याच मोसमात रॅरिटन उपसागरात राज्याची सीमा ओलांडली की न्यू जर्सीच्या होडीत १८ इंचाचा फ्लूक ठेवता येत होता, तेही दिवसाला सहा. पाणी एक, मासा एक. आणि माझ्या खिशात न्यूयॉर्क राज्याचा दहा डॉलरचा परवाना, वर्षभरही न झालेला.

“पैसे पण घ्या आणि मासा पण सोडायला लावा,” हेच तेव्हा धक्क्यावर सगळ्यांच्या तोंडी होतं. पुढच्या वर्षी तो परवाना रद्द झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आज तोच प्रश्न समोर आला तर मी सही करण्याआधी थांबेन. हा प्रश्न अमेरिकेच्या किनाऱ्यावर कुठे ना कुठे पुन्हा पुन्हा येतो, आणि न्यू जर्सी, न्यूयॉर्क, बॉस्टन या पट्ट्यात शनिवारी पहाटे रॉड घेऊन निघणारी मराठी मंडळी काही कमी नाहीत. परवाना काढून टाका म्हणणारा अर्ज उद्या तुमच्यापुढे आला तर काय करायचं, हे ठरवायला सोपं जावं म्हणून दोन्ही वाटा शेजारी शेजारी मांडतो.

आधी एक गैरसमज दूर करू

राज्याचा परवाना गेला म्हणजे जुनी मोकळीक परत आली, असं होत नाही. मॅग्नुसन-स्टीव्हन्स कायदा, म्हणजे सागरी मासेमारीचा तिथला मुख्य केंद्रीय कायदा, २००६ च्या अखेरीस नव्याने मंजूर झाला आणि जानेवारी २००७ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्यात हौशी मासेमारांची देशभर नोंद ठेवायची असं ठरलं. १ जानेवारी २०१० पासून राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. पहिलं वर्ष फुकट, मग २०११ मध्ये १५ डॉलर शुल्क लागलं. केंद्राच्या हद्दीतल्या पाण्यात गळ टाकणाऱ्याला ती लागू, आणि समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारे मासे धरणाऱ्याला तर भरती-ओहोटीच्या पाण्यात कुठेही लागू. स्ट्रायपर (स्ट्राइप्ड बास) हा मासा त्यातलाच, हडसन नदीत तो वसंतात चढतो. ज्या राज्याकडे स्वतःचा परवाना किंवा पुरेशी चांगली नोंदवही आहे, तिथल्या लोकांना यातून सूट.

म्हणजे नुसतं “रद्द करा” म्हणून भागत नाही. राज्याने दहा डॉलर सोडले आणि जागी काहीच ठेवलं नाही, तर तुम्ही वॉशिंग्टनला केंद्राचं शुल्क द्याल आणि तुमच्या किनाऱ्याला त्यातला छदामही मिळेलच असं नाही. खरी निवड दोनच गोष्टींत आहे: राज्याचा सशुल्क परवाना, किंवा राज्याची फुकट नोंदणी.

न्यूयॉर्कमध्ये काय झालं

१ ऑक्टोबर २००९ पासून परवाना लागू झाला. राज्यातल्या रहिवाशाला वर्षाला १० डॉलर, सोळाच्या आतल्या मुलांना माफ, आणि भाड्याच्या होडीतून जाणाऱ्यांना वेगळा काढायची गरज नाही. रक्कम किरकोळ होती, पण लाँग आयलंडच्या पूर्व टोकाकडच्या गावांनी ती मुकाट्याने मान्य केली नाही. ती कोर्टात गेली, आणि त्यांच्या हातात होत्या चक्क सनदा.

हा भाग मला फार आवडतो, कारण तो मराठी माणसाला लगेच समजतो. ईस्ट हॅम्प्टन आणि साउथॅम्प्टन या गावांना १६८६ साली गव्हर्नर थॉमस डोंगन यांनी सनद दिली होती. आपल्याकडे तेव्हा संभाजीराजांचा काळ होता. साउथोल्डची सनद त्याहून दहा वर्षं जुनी, गव्हर्नर अँड्रॉस यांची. गावाच्या खाड्या, तळ, किनारा आणि तिथल्या मासेमारीचा हक्क गावकऱ्यांचा, असं त्यात लिहिलेलं. आजही तिथे गावाचे निवडून आलेले विश्वस्त शिंपल्या-कालवांचे नियम ठरवतात. वतनाचा कागद पेटीत जपून ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या कुणालाही हा युक्तिवाद परका वाटणार नाही: आमच्या पाण्यात आम्हीच उतरायला राज्य पैसे कसे मागतं? २०१० च्या डिसेंबरात खालच्या कोर्टाने गावांच्या बाजूने निकाल दिला. मग २०११ च्या अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळाने परवानाच उचलला आणि जागी फुकट नोंदणी आणली. आधी ती ठरावीक मुदतीपुरती होती, नंतर कायम झाली.

सनदेचा मुद्दा खरा आहे, पण तो गावांचा आहे. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सहून बस पकडून धक्क्यावर येणाऱ्याकडे कुठली सनद? रद्द करण्याचा फायदा त्यालाही मिळाला, पण त्याच्या वतीने कुणी भांडलं म्हणून नव्हे.

शेजारच्या राज्यांत

न्यू जर्सीने खाऱ्या पाण्याचा परवाना कधी आणलाच नाही. २०११ पासून फुकट नोंदणी आहे, दर कॅलेंडर वर्षाला नव्याने करायची. मेनमध्येही २०११ सालीच परवान्याच्या जागी नाममात्र शुल्काची नोंदणी आली. कनेक्टिकटने २००९ मध्ये १० डॉलरचा परवाना आणला, ऱ्होड आयलंडने पाठोपाठ ७ डॉलरचा. फ्लोरिडात परवाना १९९० पासून आहे, नॉर्थ कॅरोलिनात २००७ पासून.

मॅसॅच्युसेट्सकडे मात्र नीट बघा. परवाना तिथेही दहाच डॉलरचा आला. साठी ओलांडलेल्यांना शुल्क माफ. पण कायद्यातच लिहिलंय की हे पैसे वेगळ्या निधीत जातील आणि त्यातला निदान एक तृतीयांश हिस्सा लोकांना किनाऱ्यापर्यंत पोचता यावं यासाठी खर्च होईल. मार्थाज व्हिनयार्डवर ओक ब्लफ्सला २०१४ साली मासेमारीचा धक्का उभा राहिला, त्याला परवान्याच्या पैशांचाही हातभार होता. कठड्याची उंची जागोजागी कमी केलेली, म्हणजे व्हीलचेअरवरून आणि लहान मुलांनाही गळ टाकता येतो. मी तिथे एका आजोबांना नातीच्या रॉडला स्क्विडचा तुकडा लावून देताना बघितलं. त्यांचं शुल्क माफ आणि नात लहान, म्हणजे दोघांनीही एक पैसा भरलेला नसणार. धक्का मात्र दोघांचा.

पैशांचं गणित

बहुतेक चर्चा इथे घसरते, म्हणून जरा सावकाश सांगतो. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या बहुतेक सामानावर १० टक्के अबकारी कर आहे. तुम्ही रीळ घेता तेव्हा तो किमतीत आधीच भरलेला असतो. १९८४ मध्ये कायदा वाढला आणि मोटारबोटीच्या इंधनावरच्या कराचा वाटाही त्यात आला. हा सगळा पैसा राज्यांना परत वाटला जातो: ४० टक्के भाग राज्याच्या क्षेत्रफळावर, ६० टक्के भाग परवाना विकत घेतलेल्या मासेमारांच्या संख्येवर. फुकट नोंदणीवाला या मोजणीत धरला जात नाही.

म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमधला माणूस कर भरतो, फक्त समुद्रावरच गळ टाकतो, आणि वाटपाच्या वेळी त्याच्या राज्याच्या खात्यात त्याचं नाव नसतं. गोड्या पाण्याचा परवाना असेल तर तो आधीच मोजलेला असतो, त्यामुळे परवाना आणला की लगेच घबाड मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फरक पडतो तो निव्वळ खाऱ्या पाण्यावरच्या लोकांमुळे.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. केंद्राची मदत हवी असेल तर परवान्याचे पैसे मत्स्य-वन्यजीव खात्याबाहेर वळवता येत नाहीत, ही अट आहेच. पण विधिमंडळाने त्या खात्याला तिजोरीतून मिळणारं अनुदान तेवढंच कमी केलं तर? पुढच्या दाराने आले, मागच्या दाराने गेले. परवान्याविरुद्ध बोलणाऱ्यांची ही भीती मला कधीच खोटी वाटली नाही. माझ्या नेहमीच्या बोट-रॅम्पवरची फळी दोन मोसम तुटकी होती, तीवर पाय घसरून मी गुडघा फोडून घेतला, आणि त्या काळात मी परवान्याचे पैसे भरतच होतो.

यादी कशाला हवी

साडेवीस इंचाच्या फ्लूककडे परत येतो. न्यूयॉर्कला २१ आणि न्यू जर्सीला १८, हा फरक आला कुठून? प्रत्येक राज्याचा हिस्सा १९९८ साली तिथल्या हौशी लोकांनी किती फ्लूक धरले, या अंदाजावर बांधलेला होता. आणि तो अंदाज आला होता किनाऱ्यालगतच्या काउंटीतल्या घरांना वाटेल तो नंबर फिरवून केलेल्या फोन-पाहणीतून. बहुतेक घरांत कुणी मासे धरतच नाही, आणि जो धरतो तो फोन वाजतो तेव्हा धक्क्यावर असतो. २००६ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने या पद्धतीवर कडक टीका केली. नोंदणीची कल्पना पुढे आली ती याच काळात. एका वर्षाचा कच्चा अंदाज न्यूयॉर्कच्या मानगुटीवर वर्षानुवर्षं बसला. २०१४ मध्ये कनेक्टिकट, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी एका विभागात आले आणि तिन्हीकडे १८ इंच, पाच मासे असा एकच नियम झाला, तेव्हा कुठे सुटका.

यादी चांगली असली की सगळं ठीक होतं, असंही नाही. फोनची जागा २०१८ मध्ये पुरती टपाल-पाहणीने घेतली आणि २०२३ मध्ये केंद्राच्या मत्स्य विभागानेच एका प्राथमिक अभ्यासावरून सांगितलं की प्रश्नांचा क्रम बदलला तर मासेमारीच्या फेऱ्यांचा अंदाज साधारण ३० ते ४० टक्क्यांनी खाली येतो. तरीही माझं म्हणणं एवढंच की नाव-पत्ता असलेली खरी यादी नसताना सुधारणा करायची तरी कशावर? इथे परवाना आणि नोंदणी कागदावर सारखेच. प्रत्यक्षात फुकटची नोंदणी नव्याने करायचं लोक विसरतात. माझ्या ओळखीच्या निम्म्या मंडळींना ती असते हेच माहीत नाही. पैसे मोजून घेतलेला कागद माणूस पाकिटात जपतो.

मग कुणी काय ठरवावं

तुमच्या राज्यात परवाना आहे, पैसे वेगळ्या निधीत जातात आणि किनाऱ्यावर त्यातून काही उभं राहिलेलं दिसतंय, तर तो रद्द करणाऱ्या अर्जावर सही करू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये मी राहत असतो तर अजिबात केली नसती.

परवाना आहे, पण पैसे कुठे जातात याचा हिशेब कुणी देत नाही, तर आधी हिशेब मागा आणि निधी बांधून घेण्याची दुरुस्ती मागा. ती होत नसेल तर रद्द करण्याच्या बाजूने जाण्यात मला गैर वाटत नाही, फक्त जागी नोंदणी हवी. नाहीतर ते केंद्राचं शुल्क आहेच.

आणि फुकट नोंदणीच्या राज्यात नवा परवाना येऊ घातला असेल, तर धक्क्यावरच्या माणसासाठी सूट आहे का ते पहिलं बघा. माझ्यासारख्याला दहा डॉलर म्हणजे दोन पिशव्या आमिष. पण संध्याकाळी बादलीत पाच-सहा पोर्गी मासे घेऊन घरी जाणारी, त्यावर रात्रीचं कालवण करणारी कुटुंबं मी दर आठवड्याला बघतो. चौघं मोठी माणसं म्हणजे चाळीस डॉलर. फ्लोरिडात रहिवाशांना किनाऱ्यावरून मासे धरायला फुकट परवाना मिळतो, कॅलिफोर्नियात सार्वजनिक धक्क्यावर परवाना लागतच नाही. हे करता येतं, तिथे केलेलं आहे. मालवणात आम्ही खाडीत गरी टाकायचो तेव्हा कुणाला विचारायचं नसे. ती मोकळीक पैशाने सगळ्यात कमी असलेल्या माणसाला तरी राहायला हवी.

मी सध्या न्यू जर्सीत राहतो. नोंदणी दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करतो, पाच मिनिटं लागतात. निधी कायद्याने बांधलेला, तिसरा हिस्सा किनाऱ्याच्या वाटांसाठी आणि धक्क्यावरून गळ टाकणाऱ्याला माफी, असा मसुदा इथे आला तर माझे दहा डॉलर तयार आहेत. यातलं एक कलम गाळलं असेल, तर आमदाराला पत्र लिहीन आणि ते कलम का हवं हे कॅपट्रीच्या त्या फ्लूकपासून सांगेन.