शेवरोले की फोर्ड? अमेरिकी रेल्वेच्या जुन्या गँग-ट्रकची ओळख

फोटो कृष्णधवल, साल लिहिलेलं नाही. रुळाशेजारी पिकअप उभा, हौद्यात पहारी, फावडी आणि जॅक, दारावर रेल्वे कंपनीचं नाव. मॉडेल रेल्वेच्या देखाव्यात असाच ट्रक ठेवायचा झाला तर शेवरोले घ्यायचा की फोर्ड, हे ठरवणं वाटतं तेवढं सोपं नाही. १९४८ ते १९५० या वर्षांत दोघांच्याही तोंडावर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी होती, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

आधी हौद्याकडे बघणं सोडा. अवजारांच्या पेट्या, छोटी क्रेन, गँगला, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या कामगारांच्या टोळीला, बसायची बाकं हे सगळं मागाहून चढवलेलं असायचं आणि ते कुठल्याही ट्रकवर चढायचं. रंग आणि दारावरचा नंबरही रेल्वेचाच. कारखान्याची खूण शोधायची ती पुढच्या काचेपासून बंपरपर्यंत.

काच सर्वांत भरवशाची. १९४७ च्या उन्हाळ्यात आलेल्या नव्या शेवरोलेची पुढची काच दोन तुकड्यांची होती, मध्ये उभी पट्टी, आणि १९५३ पर्यंत ती तशीच राहिली. १९४८ च्या फोर्ड एफ-मालिकेची काच मात्र पहिल्यापासून अखंड. तरी एकट्या काचेवर निकाल देऊ नका. एका फोटोत मला मधली पट्टी स्पष्ट दिसली आणि मी शेवरोले ठरवूनही टाकला होता. भिंगाखाली धरल्यावर ती पट्टी काचेच्या कडेला न थांबता वर किंचित तिरकी गेलेली दिसली. ते तारेच्या खांबाचं प्रतिबिंब होतं. मग हेडलाइट पाहिले आणि प्रश्न मिटला. शेवरोलेचे दिवे जाळीपासून सुटे, मडगार्डात बसवलेले असतात. फोर्डचे दिवे जाळीच्याच खोबणीत, दोन टोकांना. तो ट्रक फोर्ड होता. केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत वळणदार काचा दिसल्या तर शेवरोले, किंवा तेच केबिन वापरणारा, जनरल मोटर्सचाच दुसरा ट्रक, जीएमसी. जीएमसीची जाळी वेगळी असते.

साल काढायला शेवरोले थोडा कठीण, कारण चेहरा बराच काळ बदलला नाही. दाराच्या खिडकीत पुढे तिकोनी झडप असेल तर १९५१ किंवा नंतरचा. १९५४ मध्ये काच अखंड झाली आणि जाळीही बदलली. फोर्डचं सोपं आहे: १९५१ मध्ये पाच पट्ट्या जाऊन एकच जाड आडवा दांडा आला, त्यावर ठसठशीत दात. १९५३ ला तर संपूर्ण ट्रकच नवा, एफ-१००. म्हणून १९५० चं स्टेशन उभारत असाल तर दातांचा फोर्ड आणि अखंड काचेचा शेवरोले दोन्ही बाद.

डॉजचा पॉवर वॅगन ओळखायला भिंग लागत नाही. १९४६ पासून विकलेला, युद्धातल्या लष्करी ट्रकवरून घेतलेला हा गडी: चपटे मडगार्ड, त्यांच्यावर सुटे उभे दिवे, चारही चाकांना जोर.

रुळावर चालणाऱ्या ट्रकचं मला विशेष कौतुक. मिनेसोटातल्या फेअरमाँट कंपनीच्या हाय-रेल जोडणीत पुढे-मागे छोटी लोखंडी चाकं खाली येतात आणि ट्रकला रुळावर धरून ठेवतात. ढकलण्याचं काम रबरी टायरच करतात. अमेरिकेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर, त्यामुळे पिकअपचे टायर जवळजवळ नेमके रुळांच्या डोक्यावर बसतात. आपल्या १६७६ च्या ब्रॉडगेजवर तोच पिकअप ठेवला तर टायर रुळांच्या आत पडतील. मात्र ही जोडणी नंतरही बसवता येते, तेव्हा तिच्यावरून ट्रकचं साल ठरवू नका. फोटोच्या सालावरूनही नको: शेजारी नंतरचं डिझेल इंजिन उभं असलं तरी ट्रक १९४९ चा असू शकतो.

एकच मॉडेल घ्यायचं असेल तर माझं मत दोन काचांच्या, तिकोनी झडप नसलेल्या शेवरोलेला. १९४८ च्या देखाव्यात तो नवा दिसेल, १९६० च्या देखाव्यात रंग उडालेला, आणि दोन्हीकडे खरा वाटेल. फोर्ड घ्या तो फोटोत दिवे जाळीत दिसत असतील तेव्हाच. आणि देखावा १९५७ नंतरचा असून पूर्ण गँग केबिनमध्ये बसवायची असेल तर दोन्ही सोडून इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा ट्रॅव्हलेट बघा. सहा माणसांची केबिन, सुरुवातीच्या वर्षांत दारं तीनच: मागचं दार फक्त उजवीकडे. मॉडेल विकत घेताना दारं मोजून आणि ती बाजू तपासून घ्या.